रस्ता बंद करण्याआधी : वाचकांच्या शंकांना उत्तरे

उत्सवाचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच होतो. मंडप, मिरवणूक, दहीहंडी, मोर्चा, आणि त्यासाठी रस्ता अडवायची परवानगी. वाहतूक शाखेत बंदोबस्ताची आखणी करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे ही पत्रं मी फार आस्थेनं वाचतो. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावं वगळली आहेत.

शंका : पोलीस ठाण्यात गेलं की म्हणतात, आधी महापालिकेचं पत्र आणा. महापालिकेत गेलं की म्हणतात, आधी पोलिसांचा ना हरकत दाखला आणा. परवानगी नेमकी द्यायची कुणी?
– गणेशोत्सव मंडळाचे सचिव, नाशिक

समाधान : दोघांनीही, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. रस्ता महापालिकेच्या ताब्यात असतो. सणासमारंभासाठी त्यावर तात्पुरता मंडप उभारू द्यायचा अधिकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम २३४ नुसार महापालिका आयुक्तांना आहे. मुंबईसाठी हीच तरतूद १८८८ च्या कायद्यात कलम ३१७ मध्ये आहे. पण आयुक्तांनी ही परवानगी पोलिसांच्या संमतीनं द्यायची, असं कायदाच सांगतो. म्हणून तुम्हाला दोन्ही दारं झिजवावी लागतात. अनेक शहरांत एक खिडकी योजना आहे; तुमच्या विभागीय कार्यालयात ती असेल तर अर्ज तिथेच टाका आणि पोचपावतीवर तारीख घ्या.

एक गोष्ट मंडळांच्या ध्यानात येत नाही. मंडपाची परवानगी म्हणजे वाहनं बंद करण्याची परवानगी नव्हे. रस्त्यावरची वाहनं थांबवायची किंवा वळवायची तर मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११५ खाली वाहतूक शाखेकडून वेगळा आदेश निघावा लागतो. बंदी एका महिन्यापेक्षा जास्त नसेल तर ती राजपत्रात छापावी लागत नाही, पण स्थानिक पातळीवर प्रसिद्धी द्यावीच लागते. पर्यायी मार्गाचे फलक आणि वर्तमानपत्रातली ती चौकट त्यासाठी असते. हा आदेश नसताना कार्यकर्त्यांनी स्वतःच बांबू आडवे टाकले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली सार्वजनिक रस्त्यात अडथळा केल्याचा गुन्हा त्यांच्यावरच दाखल होऊ शकतो.

याखेरीज ध्वनिक्षेपकाचा परवाना पोलीस ठाण्यातून, ना हरकत अग्निशमन दलाची, विजेची तात्पुरती जोडणी वीज कंपनीची आणि उंच मंडप किंवा कमान असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला. शेजारच्या खांबावरून आकडा टाकून दिव्यांच्या माळा लावू नका. मंडपात कापड, कागद आणि थर्माकोल एकत्र असतात. तिथे एक ठिणगी पुरते.

अर्जासोबतचा नकाशा मात्र मन लावून काढा. बहुतेक नकाशांत मंडपाचा एक चौकोन आणि चौकाचं नाव, एवढंच असतं. त्यावर तीन गोष्टी दाखवा : लोक कुठून येणार, कुठून जाणार आणि आगीचा बंब कुठून आत येणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर टेपनं मोजून काढू नका. अग्निशमन केंद्राच्या अधिकाऱ्यांना विनंती करा आणि मंडपाचे वासे रोवण्याआधी बंब खरोखर त्या गल्लीतून नेऊन बघा. वळणावरचा विजेचा खांब, लोंबकळणारी केबल, कोपऱ्यावरची कायमची टपरी यांचा अंदाज कागदावर येत नाही.

शंका : आमच्या चौकात दरवर्षी दहीहंडी होते. यंदा पाहुणे म्हणून एक नट येणार आहेत. "दहा हजारांची गर्दी" असं पत्रकावर छापायचं ठरतंय. पोलीस विचारतात, किती लोक येतील? हे कसं सांगायचं?
– आयोजक, डोंबिवली

समाधान : पोलिसांच्या प्रश्नाच्या आधी दुसरा एक प्रश्न आहे, तो तुम्ही स्वतःला विचारा : किती लोक मावतील? हा आकडा अंदाजानं सांगायचा नसतो, मोजता येतो.

समजा, चौक ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद आहे. म्हणजे ६०० चौरस मीटर. त्यातून स्टेज आणि मागची जागा ८० वजा करा. गोविंदा पथकाला थर लावायला आणि वरून पडणाऱ्यांना झेलायला १०० सोडा. चौकाच्या लांबीभर चार मीटर रुंदीचा रुग्णवाहिकेचा पट्टा, म्हणजे १२०. उरले ३००. आता खडूनं जमिनीवर एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखा आणि त्यात माणसं उभी करा. दोघं मोकळेपणानं वळू शकतात. चौघांचे खांदे एकमेकांना लागतात. पाचव्यानंतर पाऊल हलवायला जागा उरत नाही. सहा-सात झाले की माणसाचा स्वतःच्या शरीरावर ताबा राहत नाही. गर्दी नेईल तिकडे तो जातो. अमेरिकन अभियंता जॉन फ्रुइन यांनी गर्दीच्या दुर्घटनांचा अभ्यास करून हेच मांडलं : चौरस मीटरला सातच्या आसपास माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वागू लागते, आणि मागून आलेला एक रेटा लाटेसारखा पुढपर्यंत जातो.

म्हणजे तुमच्या ३०० चौरस मीटरमध्ये, चौरस मीटरला चार धरले, तर १२०० माणसं. माझा आग्रह तीन धरण्याचा असतो, म्हणजे ९००. कारण लोक सारखे पसरून उभे राहत नाहीत. नट स्टेजवर आला की सगळे पुढे सरकतात. मागे जागा मोकळी आणि कठड्याजवळ चौरस मीटरला सहा, असं होतं.

मग पत्रकावरचे दहा हजार आले तर बाकीचे कुठे उभे राहणार? गल्ल्यांमध्ये. माणसं दगावतात ती बहुधा तिथेच. मैदान किंवा चौक नव्हे, तिथे पोहोचवणारी अरुंद वाट धोक्याची असते. नाशिकला २७ ऑगस्ट २००३ रोजी कुंभमेळ्यात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर ३९ भाविक गेले. वाईजवळच्या मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ च्या यात्रेत मंदिराकडे जाणारी पायवाट दोन्ही बाजूंच्या दुकानांनी आवळलेली होती, नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. तीनशेच्या आसपास बळी गेले. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलाच्या जिन्यावर २३ जणांचा जीव गेला, ती तर उत्सवाची गर्दीही नव्हती; कामाला निघालेली माणसं पावसामुळे जिन्यावर थबकली होती आणि मागून लोंढा येतच होता. सोलच्या इटेवॉन भागात २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री १५९ जण दगावले, ती गल्ली तीन-साडेतीन मीटर रुंदीची, उताराची.

अशा ठिकाणी लोक पायदळी तुडवले जाऊन मेले असं आपण समजतो. कित्येक जण उभ्याउभ्या गुदमरतात. चहूबाजूंनी दाब आला की छाती फुगत नाही, श्वास घेता येत नाही. नंतर "अफवा पसरली" म्हणून मोकळं होता येतं. पण मोकळ्या जागेत अफवेनं अशी माणसं मरत नाहीत.

आता तुमच्या गल्ल्यांचं गणित करू. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांसाठी जो मार्गदर्शक ग्रंथ वापरतात, त्यात सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ आणि जिन्यावर ६६ माणसं जातात, असं धरतात. तुमची गल्ली तीन मीटर रुंद आहे, पण दोन्ही कडांना दुचाकी आणि वडापावची गाडी उभी आहे. उरली दीड मीटर. मिनिटाला साधारण १२३ माणसं. बाराशे लोकांना एवढ्याच गल्लीतून बाहेर पडायला जवळपास दहा मिनिटं लागतील. दुचाकी आणि गाडी हलवा, पाच मिनिटं. दुसरी गल्लीही मोकळी करा, अडीच मिनिटं. पण हा वेग सगळे एकाच दिशेनं चालत असतील तेव्हाचा. समोरून आणखी लोक आत घुसत असतील तर गणित कोसळतं. म्हणून एक गल्ली येण्याची, दुसरी जाण्याची, असं आधीच ठरवा आणि अर्जाच्या नकाशावर बाण काढा. पथकांचे ट्रक जाण्याच्या गल्लीत लावू नका.

पत्रकाबद्दलही स्पष्ट सांगतो. "दहा हजार" छापू नका. निमंत्रण हा गर्दी-नियोजनाचाच भाग आहे. ४ जून २०२५ ला बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर क्रिकेटच्या विजयोत्सवासाठी क्षमतेच्या कित्येक पट लोक लोटले आणि दारांशी ११ जण चेंगरून गेले. सोशल मीडियावरच्या एका पोस्टनं काही तासांत लाखो लोक निघू शकतात. त्या पोस्टची वेळ आणि मजकूर पोलिसांना आधी दाखवा. नट किती वाजता येणार हे जाहीर करू नका, आणि त्यांची गाडी गर्दीतून न आणता स्टेजच्या मागून आणा.

आणि थरांमध्ये १४ वर्षांखालचं मूल नको. मुंबई उच्च न्यायालयात २०१७ साली हा प्रश्न मिटला आहे.

शंका : आमच्या रस्त्यावर मंडप पडला की आठ-दहा दिवस गाडी आत येत नाही. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. बोललं की "सणाला विरोध करता का?" असं ऐकावं लागतं. मी काय करू?
– एक वाचक, ठाणे

समाधान : ताई, तुमचं मागणं सणाविरुद्ध नाही, आणि कायदा तुमच्या बाजूनं आहे. तुमच्याच ठाण्यातले डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१५ आणि २०१६ मध्ये याच विषयावर आदेश दिले. रस्ते आणि पदपथ वापरण्याजोगे मिळणं हा नागरिकांचा हक्क आहे आणि रस्त्यावर मंडप घालून पूजा करणं हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, असं न्यायालयानं सांगितलं. रहदारीला अडथळा होईल अशी परवानगी महापालिकेनं देऊ नये, ही त्यातली मुख्य गोष्ट.

आता करायचं काय? मंडप पडल्यावर भांडण्यापेक्षा पडण्याआधी लिहा. प्रभाग कार्यालयाला अर्ज द्या, प्रत वाहतूक शाखेला आणि पोलीस ठाण्याला. त्यात डायलिसिसचे वार, वेळा आणि रुग्णालयाचं पत्र जोडा. मागणी एका ओळीत लिहा : रुग्णवाहिका जाईल एवढा पट्टा सोडण्याची अट परवानगीतच घालावी. मग मंडळाच्या अध्यक्षांना तीच प्रत हातात द्या. कार्यकर्ते बहुतेक वेळा ऐकतात. आईला ओळखणारी मुलंच असतात ती. ऐकलं नाही तर अटींचा भंग झाल्याची तक्रार छायाचित्रासह करा. अडचणीच्या क्षणी ११२ वर पोलिसांना आणि १०८ वर रुग्णवाहिकेला फोन करा, आणि मंडपाची अडचण आहे हे फोनवरच सांगा.

पुण्यात विसर्जन मिरवणुकीच्या गर्दीतून रुग्णवाहिकेला वाट करून दिल्याची दृश्यं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. २०२४ च्या जुलैत मरीन ड्राइव्हवर विश्वचषक विजेत्या संघाच्या स्वागताला जमलेल्या गर्दीनंही तसंच केलं. लोकांच्या या समजूतदारपणाचं मला मनापासून कौतुक आहे. तरीही तुमच्या आईचा उपचार गर्दीच्या चांगुलपणावर सोडायचा नाही. त्यासाठी पट्टा आखलेलाच हवा.

शंका : मी मंडळाची स्वयंसेविका आहे. आम्हाला टी-शर्ट, शिट्टी आणि दोरखंड देतात, पण शिकवत काही नाहीत. गर्दी धोक्याची होतेय हे कसं ओळखायचं?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पुणे

समाधान : या महिन्यातलं हे पत्र मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. धोका आधी दिसतो तो तुमच्यासारख्या, गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या मुलामुलींना. कंट्रोल रूममधल्या पडद्यावर तो उशिरा कळतो.

पुढची माणसं थांबली आहेत पण मागची चालतच आहेत, ही पहिली खूण. डोकी एका दिशेनं डोलू लागली, कुणी न हलता सगळे एकदम दोन पावलं सरकले, ही दुसरी. लोक मुलांना डोक्यावर उचलून धरू लागले, हात वर काढू लागले, गाणी बंद होऊन ओरडा ऐकू आला, तर आता वेळ नाही.

अशा वेळी पुढच्यांना "मागे व्हा, मागे व्हा" म्हणून काही होत नाही. त्यांना मागे होताच येत नाही. दाब मागून येत असतो, म्हणून येणारा लोंढा मागेच थांबवायचा. गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या सहकाऱ्याला आधी कळवा. मोबाइलवर विसंबू नका, गर्दीत नेटवर्क जातं. वॉकीटॉकी नसेल तर शिट्टीचा संकेत आधी ठरवा आणि धावत निरोप देणारा एक जण नेमा. स्पीकर ताबडतोब बंद करायचा अधिकार कुणाला आहे, हे कार्यक्रमाआधी सर्वांना माहीत हवं. त्या माणसानं स्टेजजवळच राहायचं. मग माइकवरून शांत, ओळखीच्या आवाजात सांगायचं : थांबा, एक पाऊल मागे, उजवीकडची गल्ली मोकळी आहे. आरडाओरडा नको, "चेंगराचेंगरी" हा शब्दही नको.

दोरखंडाबद्दल नीट ऐक. दोर रांग आखण्यासाठी असतो, दाब अडवण्यासाठी नाही. दाब वाढला तर दोर सोडून द्यायचा. हातात हात घालून लोंढ्यासमोर साखळी धरायची नाही. चिरडली जाते ती आधी साखळीच. कठडे कडेला उघडता येतील असे हवेत, तारेनं बांधलेले नकोत. ते बांधलेले दिसले तर कार्यक्रमाआधीच पदाधिकाऱ्यांना सांग, आणि त्यांनी ऐकलं नाही तर हवालदारसाहेबांना.

स्वतः अडकलीस तर दोन्ही हात छातीसमोर मुडपून धर, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. पडलेली चप्पल किंवा मोबाइल उचलायला वाकू नकोस. रेट्याच्या विरुद्ध न जाता तिरपं तिरपं कडेकडे सरकत राहा. भिंत आणि कठडा टाळ.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१४ मध्ये गर्दीच्या व्यवस्थापनाची मार्गदर्शिका काढली आहे. मंडळाच्या बैठकीत तिच्यावर एक संध्याकाळ घालवा. टी-शर्टच्या खर्चाहून हे स्वस्त आहे आणि त्यानं माणसं वाचतात.

शंका : आम्हाला मोर्चाची परवानगी तोंडी नाकारली. कारण विचारलं तर "वरून आदेश" एवढंच उत्तर. असं नाकारता येतं का?
– कामगार संघटनेचे कार्यकर्ते, औद्योगिक वसाहत

समाधान : तोंडी नाही. सभा-मोर्चांचं नियमन पोलीस करू शकतात. मार्ग, वेळ, संख्या यांवर अटी घालू शकतात. पण शांततेनं एकत्र जमण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ मध्ये आहे. हिंमतलाल शहा विरुद्ध अहमदाबादचे पोलीस आयुक्त या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं १९७२ साली सांगितलं की रस्त्यावरच्या सभेला, कोणताही निकष न ठेवता, मनाला येईल तसा नकार देण्याचा अधिकार पोलिसांना देता येणार नाही. तो खटला मुंबई पोलीस अधिनियम १९५१ खालच्या नियमाचा होता, आणि आज आपला महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणजे तोच कायदा.

म्हणून लेखी अर्ज द्या, लेखी नकार आणि त्याची कारणं मागा, आणि अर्जातच पर्यायी मार्ग व वेळ सुचवा. या अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदी लागू असेल तर तिच्या आदेशाची प्रत मागा. उपकलम ३ खालची बंदी राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपुढे नेता येत नाही. तरीही अडवलं तर उच्च न्यायालयाचा मार्ग आहे. मात्र मोर्चाच्या आदल्या दिवशी अर्ज टाकून तक्रार करू नका. बंदोबस्ताला माणसं लागतात, ती एका रात्रीत मिळत नाहीत.

शंका : ध्वनिक्षेपक किती वाजेपर्यंत?
– अनेक वाचक

समाधान : रात्री १० ते सकाळी ६ बंद. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. ते दिवस कोणते, याची जिल्ह्याची यादी पाहा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. डीजेच्या भिंती लावून या मर्यादेत राहता येत नाही. परवाना घेताना हे माहीत असूनही हमीपत्रावर सही करणं बरं नाही.

शंका : काही अघटित घडलं तर जबाबदार कोण? अर्जावर माझी सही असते.
– मंडळाचे खजिनदार, कोल्हापूर

समाधान : सहीमुळे तुम्ही आपोआप गुन्हेगार ठरत नाही, पण तपास तुमच्यापासून सुरू होतो. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुम्ही अटी पाळल्या होत्या का, क्षमता मोजली होती का, वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या का, हे तेव्हा पाहिलं जातं. म्हणून बैठकीचं इतिवृत्त ठेवा, कुणाकडे कोणती जबाबदारी हे नावानिशी लिहा, कार्यक्रमाआधी मोकळ्या वाटांची वेळेसह छायाचित्रं काढा. सार्वजनिक दायित्व विमा काढा. पण विमा पैशांची भरपाई करतो, गेलेला माणूस आणत नाही. म्हणून वर डोंबिवलीच्या पत्राला जे गणित लिहिलं आहे, ते तुमच्याही चौकात करा.

शंका : रविवारी सकाळी दोन तास गल्ली बंद करून मुलांना खेळू द्यायचंय. परवानगी लागते का?
– गृहनिर्माण संस्थेच्या सदस्या, छत्रपती संभाजीनगर

समाधान : लागते. आधी गल्ली संस्थेची खासगी आहे की महापालिकेची, हे मंजूर नकाशावर पाहा. खासगी असेल तर संस्थेचा ठराव पुरे, पण बंबाची वाट तिथेही अडवू नका. महापालिकेची असेल तर वाहतूक शाखेला पत्र द्या, सोबत गल्लीतल्या सर्व घरांच्या आणि दुकानदारांच्या सह्या जोडा. दोन्ही टोकांना हलवता येतील असे कठडे ठेवा आणि प्रत्येक टोकाला एक मोठं माणूस उभं करा. दूधवाला, पेपरवाला आणि दवाखान्याची गाडी यांना आत सोडायचं, हे त्या माणसाला आधीच सांगून ठेवा.